सव्वा महिना बाळंतिणीचा, तुमचा नव्हे

प्रश्न: सिस्टर, मी ६२ वर्षांची, इंदूरला रामबागेत राहते. शौचातून रक्त पडत होतं म्हणून दुर्बिणीची तपासणी केली. मलाशयात गाठ निघाली आणि तुकड्याचा रिपोर्ट कॅन्सरचा आला. पसरलेला नाही म्हणतात. तीन आठवड्यांनी ऑपरेशन आहे. सर्जन म्हणाले, आतड्याचा जोड भरून येईपर्यंत काही महिने पोटावर पिशवी लावावी लागेल. मला डायबेटीस आहे, हिमोग्लोबिन ९ आहे. थोरल्या जाऊबाई म्हणतात, नंतर सव्वा महिना पलंग सोडायचा नाही आणि आत्तापासून तूपसाखर खाऊन अंगात ताकद भरून घे. मुलगा पुण्याहून रोज मोबाईलवर काहीतरी पाठवतो, ते वाचून झोप उडते. ऑपरेशनच्या आदल्या दिवसापासून दहा दिवसांची रजा काढून तो येणार आहे. आणखी एक, विचारायला संकोच वाटतो. आमच्याकडे महालक्ष्म्या असतात, नैवेद्य मीच सोवळ्यात करते. पिशवी घेऊन देवघरात जाता येईल का?
— एक वाचक, रामबाग

ताई,

जाऊबाईंचा सव्वा महिना हा बाळंतिणीचा हिशेब आहे. त्यांनी तो मायेनं तुम्हाला लावला, पण आतड्याच्या ऑपरेशनला तो लागू पडत नाही. सगळं ठीक असेल तर त्याच संध्याकाळी, नाहीतर दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्हाला पलंगावरून खाली उतरवतील. अंगाला नळ्या असतील, सलाईनचा स्टँड ढकलत चार पावलं टाकाल आणि मनातल्या मनात नर्सला शिव्या द्याल. द्या. मी सर्जरीच्या वॉर्डात ३४ वर्षं त्या खाल्ल्या आहेत.

एक कबुली देऊन टाकते. माझ्या नोकरीची अर्धी वर्षं आम्हीही जाऊबाईंसारखेच वागत होतो. आदल्या रात्रीपासून पाण्याचा थेंब नाही. ऑपरेशननंतर नाकात नळी, आणि वारा सरेपर्यंत तोंडाला कुलूप, मग ते चार दिवस असोत की पाच. ओठ सुकलेल्या एका आजींच्या हातातून मी स्वतः पाण्याचा पेला काढून घेतला आहे. नियमच तसा होता, आणि तो कुठून आला हे आमच्यापैकी कुणी विचारलं नव्हतं. ते विचारलं डेन्मार्कमधल्या हेन्रिक केहलेट या सर्जननं, १९९०च्या दशकात. त्यानं एकेक रूढी उलटी करून पाहिली: उपाशी ठेवू नका, नळ्या लवकर काढा, अफूच्या जातीची गुंगीची औषधं कमी वापरून दुखणं आवरा, माणसाला लगेच उठवा. आठवडा-दहा दिवसांचा मुक्काम त्याच्याकडे दोन-तीन दिवसांवर आला. पुढे इतर देशांतल्या सर्जननी याची शिस्तशीर आखणी केली, तिला ‘इरास’ म्हणतात. तुमच्या सर्जनना सरळ विचारा, ‘तुमच्याकडे इरासप्रमाणे करतात का?’ पेशंटनं असं विचारलं की डॉक्टर खुर्चीत थोडे सरळ होऊन बसतात, हा माझा अनुभव आहे.

आता तुमचे तीन आठवडे. ते वाट बघण्याचे समजू नका. ऑपरेशनच्या दिवशी तुम्ही झोपलेल्या असाल, जे करायचं ते दुसरे करतील. तुमच्या हातातलं जे काही आहे ते आत्ता आहे.

पहिलं हिमोग्लोबिन. गाठीतून रोज थोडं थोडं रक्त जात असतं, त्यात न दिसणारंही असतं. बीट, पालक, डाळिंब जरूर खा, पण त्यांनी तीन आठवड्यांत ९चे १२ होत नाहीत. लोहाच्या गोळ्याही सावकाश चालतात. तुमच्यासारख्यांना शिरेतून लोह देता येतं, एक-दोन बैठकांत, तासाभराचं काम. त्यातून रक्त बनायला मात्र दिवस लागतात, म्हणून ‘मला लोहाचं इंजेक्शन लागेल का’ हा प्रश्न याच आठवड्यात विचारा, भरती व्हायच्या दिवशी नव्हे.

दुसरी साखर, आणि इथे जाऊबाईंची तूपसाखर साफ बाद. साखर चढलेली असली की जखम पिकते, जोड भरायला वेळ लागतो. तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीए१सी तपासणी झाली नसेल तर करून घ्या. एक गोष्ट मुद्दाम लिहिते, कारण ती गर्दीत राहून जाते. डायबेटीसच्या ज्या गोळ्यांच्या नावाच्या शेवटी ‘ग्लिफ्लोझिन’ येतं, त्या ऑपरेशनच्या तीन-चार दिवस आधी बंद कराव्या लागतात, नाहीतर साखर फारशी वाढलेली नसतानाही रक्तात आम्ल साचू शकतं. आपल्याआपण काही बंद करू नका. गोळ्यांची पाकिटं पिशवीत भरा आणि ती पिशवी भुलीच्या डॉक्टरांसमोर उपडी करा. त्यात रक्त पातळ करायची गोळी, शेजारणीनं दिलेला काढा, गुडघ्यासाठीचं चूर्ण, सगळं यायला हवं. मशेरी लावत असाल तर तेही सांगा, आणि आजपासून बंद. तंबाखूनं जखमेला मिळणारं रक्त घटतं. वॉर्डात कितीतरी सोज्वळ आज्यांच्या उशीखाली मला ती डबी सापडली आहे, तेव्हा माझ्यापुढे लाजू नका.

ताकद भरायची तर प्रथिनांनी भरा. वजनाच्या दर किलोमागे रोज साधारण १.२ ते १.५ ग्रॅम, म्हणजे ५५ किलोच्या बाईला ६५ ते ८० ग्रॅम. आपल्या ताटात ते सहज येत नाहीत. वाटीभर घट्ट वरणात ६-७, पेलाभर दुधात ८, १०० ग्रॅम पनीरमध्ये १८ च्या आसपास, अंडं चालत असेल तर एकात ६. आपल्या इंदुरी पोहे-जिलेबीच्या नाश्त्यात फारसं काही हाती लागत नाही. शेव बेसनाची असते हे मान्य, पण त्या हिशेबानं पुरेशी होईल इतकी शेव कुठलाच सर्जन खाऊ देणार नाही. तेव्हा तीन आठवडे पोह्यांबरोबर दही किंवा पनीर, आणि जिलेबीला रामराम. किडनीचा त्रास असेल किंवा गाठीनं वाट अरुंद झाली म्हणून डॉक्टरांनी मऊच खायला सांगितलं असेल, तर त्यांचं ऐका, माझं नको.

आणि चाला. रोज अर्धा तास, बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही इतक्या वेगानं. नेहरू पार्कात जा नाहीतर गच्चीवर फेऱ्या घाला. दिवसातून दोनदा खुर्चीवरून हात न टेकता दहा वेळा उठा-बसा. ऑपरेशननंतर पलंगावरून उठताना याच मांड्या उपयोगी पडतात. औषधाच्या दुकानात तीन रंगीत गोळ्यांचं फुफ्फुसाच्या व्यायामाचं यंत्र मिळतं, ते आत्ताच आणा. फुंकायचं नसतं, श्वास आत ओढून गोळ्या वर उचलायच्या असतात. ऑपरेशननंतर पोट दुखत असताना ते शिकणं म्हणजे वैताग.

आता तुम्ही ज्याच्यासाठी पत्र लिहिलंत असं मला वाटतं, त्या पिशवीकडे येते.

लहान आतड्याचा एक वेढा पोटावर, बहुधा उजव्या बाजूला, बाहेर काढतात. त्याला स्टोमा म्हणतात. दिसायला लालभडक, ओलसर, गालाच्या आतल्या कातडीसारखा. हात लावला तर दुखत नाही, कारण तिथे दुखणं कळवणाऱ्या नसाच नसतात. पहिल्यांदा बघाल तेव्हा रडू येईल. बहुतेकींना येतं. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी तुम्हीच सिस्टरला सांगाल, ‘अहो, ते नीट चिकटलं नाहीये.’

पण त्याआधीची एक गोष्ट अशी आहे की ती झाली तर पुढचे महिने सुसह्य जातात आणि राहून गेली तर रोज छळते. स्टोमाची जागा ऑपरेशनच्या आधी, तुम्ही शुद्धीवर असताना, पोटावर पेनानं खूण करून ठरवायला हवी. तुम्हाला उभं करून, बसवून, वाकवून. टेबलावर आडव्या पडलेल्या माणसाचं पोट सपाट असतं, उठून बसल्यावर त्याला वळ्या पडतात, आणि वळीत आलेली पिशवी गळते. शिवाय आपण बायका परकराची नाडी जिथे बांधतो तिथे स्टोमा आला तर दिवसभर त्याच्यावर नाडी काचणार. म्हणून खुणेच्या दिवशी गाऊन घालून जाऊ नका, नेहमीसारखी साडी नेसून जा. नाडी कुठे येते ते दाखवा, मांडी घालून बसता तेव्हा पोट कुठे दुमडतं ते दाखवा, आणि वाकल्यावर खूण तुम्हाला स्वतःला दिसते ना ते पाहा. न दिसणारी पिशवी बदलायला कायम दुसऱ्याचे हात लागतात. खूण कोण करणार, हे सर्जनना आधीच विचारून ठेवा.

स्टोमा सुरुवातीला सुजलेला असतो, सहा-आठ आठवडे आकसत जातो. त्यामुळे पिशवी कातडीला चिकटवणाऱ्या चकतीचं भोक दर वेळी मापून कापायचं, स्टोमापेक्षा जेमतेम दोन-तीन मिलीमीटर मोठं. पहिल्या आठवड्याचं माप महिन्याभरानं ढगळ होतं, उघड्या कातडीला पातळ मळ लागतो आणि ती भाजल्यासारखी लाल होते. ‘पिशवी मला सोसत नाही’ म्हणणाऱ्या बायकांची चकती काढून पाहिली की निम्म्या वेळा दोष त्या भोकाचाच निघायचा. पिशवी एक तृतीयांश भरली की रिकामी करायची, चकती साधारण तीन-चार दिवसांनी बदलायची. पिशवीसकट आंघोळ करता येते. चकत्या इंदूरच्या उन्हाळ्यात खिडकीपाशी ठेवू नका, त्यांचा चिकटपणा जातो.

देवघराचं म्हणाल तर जा. खुशाल जा. पिशवी बंद असते, नीट बसलेली असली तर वास येत नाही. पूजेआधी ती रिकामी करा, साबणानं हात धुवा, आंघोळ करून धूतवस्त्र नेसा, झालं. आतड्यात जे असतं ते देवापुढे बसणाऱ्या प्रत्येकाच्या पोटात असतं, भटजींच्यासुद्धा. तुमचं काही महिने बाहेरच्या बाजूनं जाणार, एवढाच फरक. सोवळ्याचा प्रश्न तुम्ही मला विचारलात, पण मला त्या नैवेद्यातली दुसरीच भीती वाटते. सोळा भाज्या, पुरण, भरलेली पातेली. सहा ते आठ आठवडे चार-पाच किलोंपेक्षा जास्त काही उचलायचं नाही, नाहीतर टाक्यांपाशी किंवा स्टोमाच्या शेजारी हर्निया येतो. पाण्याची भरलेली बादली यात बसत नाही, सिलिंडरला तर हातसुद्धा लावू नका. महालक्ष्म्या त्या दिवसांत आल्या तर तुम्ही खुर्चीवर बसून मीठ-तिखट सांगा आणि पातेली जाऊबाईंनी उतरवावीत. सव्वा महिन्याची सेवा त्यांना करायचीच आहे.

या पिशवीचा खरा धोका वेगळाच आहे, आणि तो म्हणजे पाणी. लहान आतड्यातून बाहेर पडणारा मळ पातळ असतो, त्यातून पाण्याबरोबर मीठही जातं. पिशवीवाले पेशंट घरी जाऊन पुन्हा भरती होतात ते बरेचदा अंगातलं पाणी आटल्यामुळे. अशा वेळी नुसतं साधं पाणी ढोसलं तर उलट जास्त वाहून जातं. ओआरएसचं एक पूर्ण पाकीट एक लिटर पाण्यात कालवून घोट घोट प्यायचं. त्यात थोडी साखर असते, डायबेटीसला घाबरून ते टाळू नका, फक्त शुगर तपासत राहा. दिवसभरात पिशवीतून दीड लिटरपेक्षा जास्त गेलं, लघवी कमी आणि गडद झाली, उभं राहिल्यावर डोळ्यांपुढे अंधारी आली, तर त्याच दिवशी फोन. भात, केळं, बटाटा, साबुदाण्याची पेज यांनी मळ घट्ट होतो. भुट्ट्याचा कीस, गराडू, अख्खे शेंगदाणे, खोबरं, कच्ची काकडी सहा-आठ आठवडे नको, ती स्टोमाच्या तोंडाशी अडकू शकतात. नंतर एकेक पदार्थ, थोडासा, नीट चावून.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी पोट साफ करायचं औषध देतील, भरपूर पाण्यातून प्यायचं. चव खारट, बेचव. थंड करून प्या, गुदद्वाराला आधीच व्हॅसलिन लावून ठेवा आणि त्या संध्याकाळी संडासावर घरात दुसऱ्या कुणाचा हक्क नाही हे जाहीर करा. पोटावरचे केस घरी ब्लेडनं काढू नका, बारीक चिरा पडून जंतू शिरतात. लागलं तर तिथे मशीननं काढतील. नेमलेल्या वेळेपर्यंत, बहुधा भुलीच्या दोन तास आधीपर्यंत, पारदर्शक पेयं चालतात. पाणी, दुधाशिवायचा चहा, गाळलेलं लिंबूपाणी. इथे इंदूरकरांना एक सूचना. बाहेरगावचा डॉक्टर ‘शिकंजी चालेल’ म्हणाला तर त्याच्या मनात लिंबाचं सरबत असतं. आपली दूध आटवलेली, सुकामेवा घातलेली शिकंजी पिऊन गेलात तर ऑपरेशन पुढे ढकलतील. साखर घातलेलं काही प्यायचं की नाही, ते डायबेटीसमुळे तुम्ही वेगळं विचारा.

तिथले दिवस त्या मानानं सोपे. दुखलं तर सांगा, सोसत बसू नका; दुखतं म्हणून खोकत नाही, खोकत नाही म्हणून छातीत कफ साठतो. खोकताना, हसताना उशी पोटाशी दाबून धरा. उठताना आधी कुशीवर वळा, पाय खाली सोडा, मग हातानं रेटा द्या. दिवसातून तीन-चारदा च्युइंग गम चघळायला देतील, तर आश्चर्य वाटू देऊ नका; काहीतरी खातोय असं समजून झोपलेलं आतडं लवकर हलायला लागतं. गम शुगर-फ्री मागा. स्टोमातून पहिला वारा सरला की पिशवी फुगते, आणि राउंडला आलेले डॉक्टर ते पाहून असे खूश होतात की जणू बोर्डाचा निकाल लागला. भेटायला येणाऱ्यांची इंदुरात काही कमी नसते. नियम करा, जो येईल त्यानं आधी तुमच्याबरोबर व्हरांड्यात एक फेरी मारायची.

घरी गेल्यावर महिना दोन महिने थकवा राहील, दुपारी अचानक झोप येईल. तो आळस नव्हे. स्कूटी सहा आठवडे नको. कॅन्सरच्या ऑपरेशननंतर रक्ताच्या गाठी होऊ नयेत म्हणून पोटात टोचायची इंजेक्शनं पुष्कळदा चार आठवडे चालतात. ‘आता बरी आहे’ म्हणून ती मधेच सोडू नका. काढलेल्या तुकड्याचा रिपोर्ट आला की पुढे केमो लागेल की नाही ते ठरेल. पिशवी साधारण तीन महिन्यांनी काढतात, केमो लागली तर आणखी लांबते. काढल्यानंतरही काही महिने शौचाला वरचेवर, घाईनं जावं लागेल. तेव्हा मला पुन्हा लिहा.

आता हे मुलालाही वाचून दाखवा. आतडं जोडलेल्या जागेतून गळती झालीच तर ती बहुधा ऑपरेशननंतर पाचव्या ते आठव्या दिवसाच्या आसपास कळते, म्हणजे कित्येकदा माणूस घरी आल्यावर. ताप १००.४च्या वर, कमी होत आलेलं दुखणं पुन्हा वाढणं, पोट ताठ होणं, उलट्या, नाडी धावणं, किंवा नुसतंच ‘आज काहीतरी बरं नाही’ असं वाटणं. पोटऱ्या सुजल्या, दम लागला, स्टोमा काळा पडला, पोटात कळा येताहेत आणि पिशवीत सहा तास काहीच आलं नाही, तरीही तेच. अशा वेळी हिंग, ओवा, गॅसची गोळी, सकाळपर्यंत बघू, यातलं काही नाही. रात्रीचे दोन वाजले असले तरी ज्यांनी ऑपरेशन केलं त्यांच्याकडे जायचं. डिस्चार्जच्या वेळी रात्रीचा फोन नंबर मागून घ्या आणि फ्रिजवर चिकटवा.

म्हणून मुलाची रजा चुकीच्या दिवशी सुरू होतेय. वॉर्डात तुमच्याभोवती माणसं असतील, तिथे तो बाकावर बसून मोबाईलच बघणार. ऑपरेशनच्या दिवसापुरता येऊन जाऊ दे. दहा दिवस त्यानं तुम्ही घरी याल त्या दिवसापासून काढावेत, आणि घरी यायच्या आधी वॉर्डातल्या सिस्टरकडून चकती कापायला शिकून घ्यावं.